व्हिला ह्यूगेल (एसेन, जर्मनी): क्रुप घराण्याच्या वास्तूत बघण्यासारखं नक्की काय आहे?

माधवी_क

नमस्कार मंडळी. थोड्याच दिवसांत मुलीकडे डॉर्टमुंडला जाते आहे. तिथून एसेन जवळ, म्हणून व्हिला ह्यूगेल बघावं असं मनात आहे. जावयांचं म्हणणं पडलं की युरोपातले राजवाडे बहुतेक सारखेच, झुंबरं आणि गालिचे, त्यापेक्षा तो दिवस कोलोनला घालवा. माझं मन मात्र त्या घरापाशी अडकलंय. मी शाळेत इतिहास शिकवायचे. पहिलं महायुद्ध आलं की क्रुपच्या तोफांचं नाव दरवर्षी घ्यायचे. पण तोफा ओतणारा माणूस संध्याकाळी कुठल्या घरी परतायचा, हे आमच्या पाठ्यपुस्तकात कधी नव्हतं.

२६९ खोल्या आणि नदीकाठची टेकडी, यापलीकडे माझ्या हाती फारसं काही लागलेलं नाही. एका कुटुंबाला एवढं घर कशाला लागलं? आगीच्या भीतीनं त्यात लाकूड वापरू दिलं नव्हतं म्हणतात, ते खरं का? आणि आज तिथे घरचं कुणीच राहत नाही, हे कसं झालं? तारखांची यादी नको. माणसं कळली नाहीत तर मला वास्तू दिसत नाही.

अनिकेत_भ्रमंती

जाऊन आलोय. बाग फार सुंदर आहे, खाली तलाव दिसतो, फोटो अप्रतिम येतात. आत मोठमोठी दालनं, भिंतींवर चित्रं विणलेले जुने पडदे, भव्य जिना. फर्निचर मात्र कमी वाटलं, त्यामुळे कुणी राहत असेल असं जाणवत नाही. अर्धा दिवस पुरतो. ज्यानं हे घर बांधलं त्यालाच पुढे न्युरेंबर्गला युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात शिक्षा झाली असं तिथे कुणीतरी म्हणत होतं. जाणकारांनी सांगावं.

रुहरकाठची

माधवीताई, जरूर जा. मी एसेनच्या दक्षिण भागात राहते. आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना ह्यूगेलला नेण्याचं काम माझ्याकडे असतं, आणि ते मला मनापासून आवडतं. म्हणून जरा लांब लिहिते.

अनिकेत, आधी नावांचा गुंता सोडवते, कारण इथे सगळ्यांचीच गल्लत होते. घर बांधलं आल्फ्रेड क्रुपनं. तो १८१२ मध्ये जन्मला आणि १८८७ मध्ये गेला. न्युरेंबर्गला शिक्षा झाली ती त्याच्या पणतवाला, आल्फ्रीडला. बेर्टाही दोन आहेत: आल्फ्रेडची बायको आणि त्याची नात. हे चौघं डोक्यात पक्के बसले की घर निम्मं कळलं.

आता आल्फ्रेड. बाप फ्रीडरिश यानं १८११ मध्ये ओतीव पोलादाचा कारखाना काढला. इंग्लंडसारखं पोलाद करण्याच्या नादात त्यानं घरचा पैसा संपवला आणि १८२६ मध्ये तो वारला. आल्फ्रेड तेव्हा चौदा वर्षांचा होता. सात कामगार आणि डोक्यावर कर्ज. थोरलं घर सोडून हे कुटुंब त्याआधीच कारखान्याच्या आवारातल्या एका बुटक्या घरात राहायला आलं होतं. मुकादमासाठी बांधलेलं घर होतं ते. दुसऱ्या महायुद्धात ते पडलं आणि १९६१ मध्ये पुन्हा उभं केलं. ताई, जमलं तर ते आधी बघा. खिडक्या मोजायला एका हाताची बोटं पुरणार नाहीत एवढंच त्याचं वैभव. २६९ खोल्यांचा हट्ट कुठून आला, ते मला त्या दारात उभं राहिल्यावर समजलं.

पुढे पोलाद जमलं, पैसा आला, पण आल्फ्रेड कारखान्याला चिकटूनच राहिला. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं आवारातच नवं घर बांधलं, काचेची रोपघरं वगैरे हौसेनं केली. पण आजूबाजूला भट्ट्या वाढत होत्या. काजळी रोपांवर बसायची. आणि १८६१ मध्ये 'फ्रिट्झ' नावाचा वाफेचा प्रचंड घण सुरू झाला. तो पडला की घराला हादरा बसायचा. ज्या घणानं त्याला श्रीमंत केलं त्यानंच त्याला घरातून उठवलं. १८६४ मध्ये त्यानं शहराच्या दक्षिणेला, रुहर नदीच्या वरच्या टेकाडावर जमीन घेतली.

घराचे आराखडे त्यानं आधी स्वतःच्या हातानं काढले. वास्तुविशारद नेमले, त्यांच्याशी भांडला, बदलले. १८७० च्या वसंतात काम सुरू झालं आणि काही महिन्यांत जर्मनी आणि फ्रान्सची लढाई पेटली. बांधकामातली माणसं सैन्यात गेली. त्यात टेकडीच्या पोटात कोळशाच्या खाणींचं काम झालेलं, त्यामुळे जमीन खचण्याचा त्रास. या सगळ्यातून निघून जानेवारी १८७३ मध्ये कुटुंब राहायला आलं. ८,१०० चौरस मीटर जागा, भोवती २८ हेक्टर बाग.

लाकडाचं म्हणता ते खरं आहे. आगीची त्याला फार धास्ती होती. म्हणून दगड, वीट, लोखंड आणि काच यांच्यावरच भर. दिव्यांसाठी स्वतःचा गॅसचा कारखाना, पाण्याची स्वतंत्र व्यवस्था. घर तापवायला त्यानं त्या काळातली अगदी नवी योजना केली होती: बाहेरची हवा आत घ्यायची, तापवायची आणि मार्गांमधून खोल्याखोल्यांत सोडायची. ती त्याच्या मनासारखी कधी चाललीच नाही. कुठे उकडायचं, कुठे गारठा, आणि मग त्याच्या संतापलेल्या चिठ्ठ्या निघायच्या. कारखान्यातल्या भट्टीशी तो ज्या भाषेत बोलायचा, त्याच भाषेत तो घराशी बोलत होता. माझं तर मत आहे की व्हिला ह्यूगेल हा क्रुपच्या कारखान्याचाच एक विभाग समजून बघावा. तिथे माल तयार होत नव्हता, पण गिऱ्हाईक तिथे उतरायचं. तोफा आणि रूळ विकत घेणारे म्हणजे राजे, मंत्री, सेनापती. १८९६ मध्ये चीनचे मुत्सद्दी ली होंगझांग एसेनला क्रुपच्या पाहुणचाराला आले होते. अशा माणसांना पोलाद दाखवायचं तर त्यांना कुठे बसवायचं, जेवायला कुठे घालायचं, हा धंद्याचाच भाग होता.

बागेतली एक गोष्ट मला त्या माणसाविषयी सगळ्यात जास्त सांगते. टेकडीवर झाडी कमी होती. घर बांधलं तेव्हा आल्फ्रेड साठीला टेकला होता. रोपं लावून ती वाढायची वाट बघणं त्याला मंजूर नव्हतं. त्यानं आजूबाजूच्या परिसरातून पूर्ण वाढलेली झाडं मुळासकट उपटून आणवली आणि इथे लावली.

जुना_फिटर

रुहरकाठची यांनी घणाचा उल्लेख केला म्हणून राहवलं नाही. आमची उमेदीची वर्षं राउरकेलाच्या पोलाद कारखान्यात गेली. तो पश्चिम जर्मनीच्या मदतीनं उभा राहिला, आणि त्यात क्रुप आणि डेमाग या दोन कंपन्यांचा मोठा हात. क्रुपच्या शिक्क्यातली तीन कडी आम्ही नेहमी पाहायचो.

ती कडी म्हणजे तोफांची तोंडं असा समज आहे. तसं नाही. त्या रेल्वेच्या चाकांच्या धावा आहेत. पूर्वी पट्टी वाकवून, दोन टोकं जुळवून सांधायची, आणि गाडीचा वेग वाढला की नेमका तो सांधा तुटायचा. डबा घसरून माणसं मरायची. आल्फ्रेडनं १८५०च्या सुमारास असं केलं की पोलादाच्या ठोकळ्याला मधोमध चीर पाडायची, ती तापवून फाकवत न्यायची आणि लाटून गोल धाव बनवायची. सांधाच नाही, तर तुटणार काय? अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी त्या प्रचंड प्रमाणात घेतल्या. व्हिला उभा राहिला त्या पैशात तोफांच्या बरोबरीनं या धावांचा वाटा आहे. माधवीताई, तोफा शिकवल्यात, धावाही शिकवायला हव्या होत्या असं या फिटरला वाटतं.

एक विचारायचं आहे. एवढं घर चालवायला माणसं किती लागत असतील? कारखान्यात आम्ही प्रत्येक यंत्रामागे माणसं मोजायचो, म्हणून उत्सुकता.

माधवी_क

काका, धावांचं खरंच ठाऊक नव्हतं. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना आजच कळवते.

रुहरकाठची, तुम्ही आल्फ्रेडबद्दल भरभरून लिहिलंत. पण बायकोबद्दल, पहिल्या बेर्टाबद्दल, एक ओळही आली नाही. ती या घरात सुखी होती का? आणि न्युरेंबर्गपर्यंतची गोष्टही पुरी करा.

रुहरकाठची

काका, तुमच्यापासून सुरुवात करते. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर इथे सहाशेच्या वर माणसं कामाला होती. आतले नोकरचाकर, स्वयंपाकघर, धुलाई, तबेले, माळी, गॅस आणि पाण्याचे कारागीर, सगळे धरून. आल्फ्रेडच्या काळात हा आकडा शंभराच्याही आत होता. घर तेच राहिलं, त्यातला थाट मात्र पुढच्या पिढ्यांनी वाढवला.

ताई, बेर्टाबद्दल विचारलंत ते बरं झालं. १८५३ मध्ये त्यांचं लग्न झालं. मूल एकच, फ्रीडरिश आल्फ्रेड. तिची आणि मुलाची प्रकृती सांभाळायची म्हणून ती बराच काळ दक्षिणेकडे, उबदार हवेत राहायची. नवरा रात्र रात्र जागून कारखान्याला सूचना लिहायचा. मुलगा मोठा झाला आणि मार्गारेट फॉन एंडे हिच्याशी लग्न करायचं म्हणाला. बापाचा विरोध, आईचा पाठिंबा. ते भांडण विकोपाला गेलं आणि १८८२ मध्ये बेर्टा घर सोडून गेली. ती परत आली नाही. मुलाचं लग्न त्याच वर्षी झालं आणि नवं जोडपं मोठ्या घराला जोडलेल्या लहान इमारतीत राहू लागलं. आल्फ्रेड १८८७ मध्ये ह्यूगेलवरच वारला. एवढं घर बांधणाऱ्याची शेवटची पाच वर्षं बायकोविना गेली.

त्याच मार्गारेटविषयी मला सगळ्यात आदर आहे. घराण्यात जिला नको म्हटलं होतं, तिनंच पुढे ते सावरलं. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रीडरिश आल्फ्रेडच्या इटलीतल्या काप्री बेटावरच्या खासगी आयुष्यावर वर्तमानपत्रात भयंकर मजकूर छापून आला, आणि आठवडाभरात तो याच घरात मरण पावला. अंत्ययात्रेला कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, स्वतः आला होता. वारस म्हणजे मोठी मुलगी, दुसरी बेर्टा. वय सोळा. कंपनीचे १,६०,००० समभाग निघाले, त्यांतले चार सोडून सगळे तिच्या नावावर. ती सज्ञान होईपर्यंत मार्गारेटनं कारभार पाहिला.

१९०६ च्या ऑक्टोबरात बेर्टाचं लग्न गुस्ताव फॉन बोलेन उंड हालबाख या राजनैतिक अधिकाऱ्याशी ह्यूगेलवर लागलं. कैसर हजर होता आणि त्यानं नवऱ्याला क्रुप हे नाव लावायची परवानगी दिली. म्हणजे इथे नवरा बायकोच्या घरात आला आणि तिचं आडनाव घेतलं. तुमच्या पाठातली 'बिग बेर्टा' तोफ हिच्याच नावावरून ओळखली जाऊ लागली. या लग्नानिमित्त मार्गारेटनं एक संस्था काढली आणि त्यातून शहराच्या दक्षिणेला मार्गारेटनहोहं ही वसाहत उभी राहिली. गेओर्ग मेट्झेनडोर्फ यानं आखलेली, बुटकी घरं, प्रत्येकाला बाग, आणि फक्त क्रुपच्या कामगारांसाठी नव्हे. आजही लोक तिथे राहतात आणि घर मिळावं म्हणून धडपडतात. व्हिला बघून तिथे गेलं नाही तर कुटुंबाची एकच बाजू दिसते.

बेर्टा आणि गुस्तावनं पहिल्या महायुद्धाच्या आसपास आतून घर बरंच बदललं. अनिकेतना दिसलेलं लाकडी नक्षीकाम, ग्रंथालय, फ्लेमिश विणलेले पट, ही मुख्यतः त्या काळची सजावट. पणजोबांच्या घरात लाकूड असं मागाहून शिरलं, अर्थात बेर्टाच्या मुलांच्या दृष्टीनं पणजोबा. १९१२ मध्ये कंपनीला शंभर वर्षं झाल्याचा सोहळा होता. कैसरसाठी मध्ययुगीन सरदारांच्या खेळाची तयारी झाली होती. त्याच दिवसांत जवळच्या बोखुमच्या लोथ्रिंगेन खाणीत स्फोट होऊन शंभराच्या वर खाणकामगार गेले, आणि तो खेळ रद्द झाला. टेकडीवरचा समारंभ आणि जमिनीखालचा कोळसा यांचं नातं एवढं जवळचं होतं.

आता पुढचं. गुस्ताव हिटलरच्या बाजूला गेला. १९४३ मध्ये हिटलरनं खास फर्मान काढून कंपनी एकट्या आल्फ्रीडच्या, म्हणजे बेर्टा आणि गुस्तावच्या मुलाच्या, मालकीची केली. युद्धाच्या काळात क्रुपनं सुमारे एक लाख परदेशी नागरिक, युद्धकैदी आणि छळछावणीतले कैदी जबरदस्तीनं राबवले. एसेनमध्येच हुंबोल्टस्ट्रासे इथे १९४४-४५ मध्ये पाचशेच्या वर ज्यू स्त्रिया आणि मुली ठेवल्या होत्या, बहुतेक हंगेरीतून आणलेल्या. ह्यूगेलच्या हिरवळीवर उभं राहून मी पाहुण्यांना हे सांगतेच. कुणाला दिवसाची मजा गेली असं वाटलं तरी सांगते. त्या मुलींना याच शहरात, याच कंपनीसाठी राबवलं. त्यांना वगळून या घराची गोष्ट सांगायला माझी जीभ रेटत नाही.

कारखान्यांवर बॉम्ब पडले, व्हिला जवळजवळ सुखरूप राहिला. ११ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैनिकांनी आल्फ्रीडला इथेच पकडलं. कुटुंबाचं राहणं तिथे संपलं. मित्रराष्ट्रांची कोळशावर नियंत्रण ठेवणारी कचेरी याच दालनांत बसली. न्युरेंबर्गच्या खटल्यात १९४८ मध्ये आल्फ्रीडला बारा वर्षांची कैद आणि मालमत्ता जप्तीची शिक्षा झाली. पण १९५१ च्या सुरुवातीला अमेरिकन उच्चायुक्त मॅक्लॉय यांनी त्याला सोडलं आणि मालमत्ताही परत केली. मला हे आजही पटत नाही. राबवलेल्या ज्यू कैद्यांना भरपाई द्यायचा करार झाला तो १९५९ मध्ये, आणि तोवर कित्येक जण हयातही नव्हते.

१९५२ मध्ये घर कुटुंबाकडे परत आलं, पण राहायला कुणी आलं नाही. १९५३ पासून तिथे प्रदर्शनं भरू लागली. आल्फ्रीडच्या मुलानं, आर्न्टनं, वारसाहक्क सोडला. १९६७ मध्ये आल्फ्रीड वारल्यावर त्याची सारी मालमत्ता १९६८ पासून एका प्रतिष्ठानाकडे गेली, आणि व्हिलाही त्यातच आला. जावयांना हा हिशोब सांगा: कुटुंब त्या घरात १८७३ ते १९४५, म्हणजे बहात्तर वर्षं राहिलं. लोकांसाठी ते १९५३ पासून खुलं आहे.

अनिकेत_भ्रमंती

हे सगळं आधी वाचायला मिळालं असतं तर फार वेगळ्या नजरेनं फिरलो असतो. एक राहिलं. तो खालचा तलावही क्रुपनंच केला का? वरच्या गच्चीवरून बघताना तलावासाठीच घर बांधलंय असं वाटतं.

रुहरकाठची

नाही. बाल्डेनायझे हा तलाव १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला रुहर नदीवर बांध घालून केला. आल्फ्रेडला वरून दिसायची ती नदी आणि तिचं खोरं. म्हणून ताई, वर गेल्यावर डोळ्यांपुढचा तलाव काढून टाका आणि त्या जागी वळणं घेत जाणारी नदी ठेवा.

माधवी_क

ठरलं, कोलोन दुसऱ्या दिवशी. मुलगी आणि जावई दोघंही येणार आहेत, वरचं सगळं जावयांना वाचून दाखवलं. आता थोडं व्यवहाराचं सांगा: क्रम कसा ठेवू? गुडघे दुखतात, चढ फार आहे का?

रुहरकाठची

एसेनच्या मुख्य स्टेशनवर उतरलात की सकाळी आधी कारखान्याच्या जागेवरचं ते बुटकं घर बघा. आज तिथे थिसेनक्रुपच्या, म्हणजे क्रुपच्या आजच्या वारस कंपनीच्या, कचेऱ्या आहेत. बाहेरून पाहिलं तरी पुरे. मग परत स्टेशनवर येऊन एस-६ लोकल पकडा आणि एसेन-ह्यूगेलला उतरा. ते स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे. बागेतून वर जाणारा रस्ता चढाचा आहे, तेव्हा गुडघ्यांचा विचार करून थेट वरपर्यंत टॅक्सी केलीत तर बरं. उतरताना पायी या. वर पोहोचल्यावर मोठ्या घरात घाई करू नका. आधी लहान इमारतीतलं क्रुपचं ऐतिहासिक प्रदर्शन बघा. चेहरे ओळखीचे झाले की मोठ्या दालनांतली तैलचित्रं नुसती तैलचित्रं राहत नाहीत. कुठलं दालन उघडं आहे ते प्रदर्शनांवर अवलंबून असतं, तेव्हा निघण्यापूर्वी व्हिलाच्या संकेतस्थळावर वेळा बघून घ्या. दुपारी उशिरा मुख्य स्टेशनवरून यू-१७ नं मार्गारेटनहोहंला जा. तिथे मधल्या चौकात बसायला जागा आहे, आणि तिथली गल्ली सपाट नसली तरी ह्यूगेलइतकी दमवत नाही.